मेवालाल माँझीची दिवाळीची पोस्त

दुधविनायक, वाराणसी
कार्तिक शुद्ध पंचमी

तीर्थरूप शरदिनीआत्या,

तुझा भाचा ढुंढिराज दुधविनायकाच्या घरातून तुला वाकून नमस्कार करतो. आईचा आणि बाबांचा नमस्कार यातच धरावा (बाबांना वेगळा सांगायचा होता, पण मी पेन शोधून आणेपर्यंत ते झोपले). तुझी साखर, तुझा गुडघा आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी गच्चीच्या किल्लीवरून चाललेलं तुझं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आम्ही प्रकृतीने ठीक आहोत. प्रकृती सोडून बाकीचं ठीक नाही, आणि ते तुला अर्धंच कळलेलं आहे, कारण फोनवर तू माझं एकही वाक्य पूर्ण होऊ दिलं नाहीस. म्हणून पत्र लिहितो. पत्राला मध्येच गप्प बस म्हणता येत नाही. म्हणजे म्हणता येतं, पण ते गप्प बसत नाही.

पहिल्यांदा मुख्य गोष्ट सांगतो. मेवालाल माँझीची मी माफी मागणार नाही. तू सांगितलंस तरी नाही, तुझ्या आदित्यदादाने अमेरिकेतून सांगितलं तरी नाही, आणि देवदिवाळीसाठी तुझ्या भिशीतल्या बायकांची रेल्वेची तिकिटं निघाली आहेत म्हणून तर मुळीच नाही. (हे वाक्य मी आधी कच्चं लिहून पाहिलं. ऱ्हस्वदीर्घ चुकलं नाही, म्हणून ते पक्कं केलं.)

आता सगळं क्रमाने लिहितो. तुला माहीत असलेलंही लिहितो, कारण हे पत्र तू भिशीत मोठ्याने वाचून दाखवशील हे मला ठाऊक आहे आणि त्या बायकांना यातलं काहीच माहीत नसणार. तर भिशीतल्या भगिनींनो, आमच्या आत्याने बँकेतून निवृत्त झाल्यावर काशीत एक मोठी नाव विकत घेतली. वर पत्र्याचं छत, खाली गाद्या, कडेला कठडा. देवदिवाळीच्या रात्री सगळे घाट पणत्यांनी उजळतात, ते बघायला लाखो माणसं येतात, आणि पायऱ्यांवर उभं राहून आत्याने पुष्कळ वर्षं लोकांची कोपरं खाल्ली. शेवटी ती म्हणाली, आता बसून बघणार, आणि पाण्यातून बघणार. नाव बालाजी घाटावर बांधलेली असते. घाट मराठ्यांनी बांधला, गंगा सगळ्यांची आहे, पण नाव बांधायचा खुंटा मेवालाल माँझीचा आहे. त्याच्या पणजोबांपासून तो हक्क त्यांच्या घरात चालत आला आहे. मेवालालने दोर लावू दिला तर नाव घाटावर, नाहीतर नाव वाऱ्यावर. नावेवर झोपायला, तळातलं पाणी उपसायला आणि इंजिन चालवायला रामसकल आहे, त्याला पगार आत्या पाठवते. आणि मी आहे. मी नक्की काय करतो हे आत्याच्या मते अजून ठरायचं आहे. माझ्या मते मी देखरेख करतो.

दिवाळीच्या आधी मला काळजी लागली ती पोस्तीची. घरात पोस्त देण्याचं काम आईचं. तिची पद्धत सोपी आहे: जो दाराशी येईल त्याच्या हातावर फराळ आणि त्यावर काहीतरी ठेवायचं, आणि त्याच्या घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन चौकशी करायची. पण नाववाले दाराशी येत नाहीत, आपणच त्यांच्या दाराशी असतो. त्यांना काय द्यायचं, कसं द्यायचं, मालकाला द्यायचं की नोकराला, आधी कुणाला, हे आईला सांगता येईना. बाबा म्हणाले, बघ बुवा. आजोबांच्या वेळची काही रीत असावी म्हणून विचारलं, तर कळलं की आजोबा पोस्तीच्याच विरोधात होते. पोस्तीने माणूस बिघडतो, असं त्यांचं मत होतं. (कोणता माणूस, देणारा की घेणारा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि दोघांपैकी कुणालाच त्यांनी बिघडू दिलं नाही.)

तेव्हा तूच म्हणालीस, आदित्यला विचार, त्याची बोट आहे. आदित्यदादा अमेरिकेत एका तळ्यावर बोट ठेवतो. ती जागा म्हणजे बोटींचा गोठाच. त्याला एक मालक असतो, बोटी धुणारे आणि बांधणारे नोकर असतात, आणि नाताळात कुणाला काय द्यायचं याचे तिथे ठरलेले शिष्टाचार आहेत. दादाने ते मला बोलून पाठवले. मी चार वेळा ऐकले आणि मराठीत उतरवून काढले. नोकराला बंद पाकिटातून रोख द्यावी, आणि पाकिटात आपल्या हाताने लिहिलेली आभाराची चिठ्ठी हवी, नुसते पैसे उद्धटपणाचे दिसतात. मालकाला रोख कधीही देऊ नये, तो अपमान धरतो. मालकाला खाण्याची वस्तू द्यावी, आणि ती टिकाऊ, चांगल्या भांड्यात द्यावी. त्या भांड्यावर आपल्या घराण्याचं नाव असेल तर उत्तम, म्हणजे वर्षभर ते त्याच्या डोळ्यांपुढे राहतं. आणि हे सगळं सणाच्या आधी करावं, नंतर नव्हे.

आत्या, यातलं मी काय मोडलं ते मला कुणीतरी दाखवून द्यावं. मी एक अक्षर मोडलेलं नाही. आज जे काही झालं आहे ते सगळं नियम पाळल्यामुळे झालेलं आहे, आणि नियम पाळणाऱ्याने माफी मागायची नसते. माफी नियमाने मागावी.

पहिल्यांदा रामसकल. धनत्रयोदशीला सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी नावेवर गेलो. तो तळातलं पाणी उपसत होता. मी पाकीट दिलं. चिठ्ठी मी हिंदीत लिहिली होती आणि शुद्ध हिंदीत लिहिली होती (मी घाबरलो की हिंदीत बोलतो, जास्त घाबरलो की शुद्ध हिंदीत). लिहिलं होतं की, आपण आजवर जी सेवा केली त्याबद्दल टेंभेकर परिवार आपला आभारी आहे आणि आपल्या पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा देतो. तुझ्या निरोपसमारंभात बँकेने तुला दिलेलं मानपत्र मला पाठ आहे, त्याच्यावरूनच घेतलं. रामसकलने पैसे बघितले, मग चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं गहिवरला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो काढला, बादली खाली ठेवली, चपला घातल्या आणि पायऱ्या चढून निघून गेला. मला वाटलं, बायकोला सांगायला गेला असेल.

मग मेवालाल. आईने मालकासाठी फराळ केलाच होता: चकल्या, शंकरपाळे, आणि अनारसे, जे या वर्षी हसले नाहीत, फुटले नाहीत, अगदी जमले. राहिलं भांडं. टिकाऊ, चांगलं आणि घराण्याचं नाव असलेलं. आत्या, तू जर माझ्या जागी असतीस तर तुझा हात कुठे गेला असता? माळ्यावरच्या गोणीकडेच गेला असता. आजोबांच्या वर्षश्राद्धाला तूच पुण्याहून ते स्टीलचे डबे करवून पाठवले होतेस, जाड पत्र्याचे, घट्ट झाकणाचे, आणि झाकणावर कोरलेलं: कै. गोपीनाथ विश्वेश्वर टेंभेकर यांच्या प्रथम पुण्यस्मरणार्थ. सगळे वाटून झाले नाहीत, कारण तू डबे जास्त पाठवलेस आणि आजोबांनी माणसं कमी जोडली. मी गोणी खाली काढली. काही डब्यांवर कोरणाऱ्याने विश्वेश्वरातला एक व खाल्ला आहे, ते मी बाजूला ठेवले. ज्यावर नाव निर्दोष होतं असा एक निवडला, चिंचेने घासला, आईने भरला आणि मी तो दोन्ही हातांनी मेवालालच्या घरी नेऊन दिला.

आणि काय स्वागत झालं म्हणून सांगू. इथे धनत्रयोदशीला घरात नवं भांडं यावं लागतं, गरीब माणूससुद्धा त्या दिवशी निदान एक चमचा घेतो, आणि इथे भांडं स्वतः चालत आलं, तेही भरलेलं. मेवालालच्या बायकोने डबा कपाळाला लावला आणि लक्ष्मीगणपतीच्या मूर्तींपुढे ठेवला. मेवालालने मला खाटेवर बसवलं, आतून मलई मागवली. त्याने अनारसा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाला की मराठी लोक मिठाईत मागे असले तरी मनाने वाईट नाहीत. मला घाम सुटायचा थांबला. मी निघालोच होतो. चप्पल पायात होती. तेवढ्यात त्याची सून पूनम, जी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे (मी ज्या वर्षाला कॉलेज सोडलं त्याच), ती झाकण हातात घेऊन बाहेर आली आणि तिने विचारलं, "भइया, ई कै. का लिखल हौ?"

आता मला सांग, एखाद्याने अर्थ विचारला तर तो चुकीचा सांगायचा का? शिक्षण अर्धं राहिलं म्हणून काय झालं, जेवढं झालं तेवढं पक्कं आहे. मी सांगितलं की हे कैलासवासीचं संक्षिप्त रूप आहे, म्हणून त्यापुढे टिंब आहे, आणि बरेच लोक ते टिंब विसरतात. पूनम म्हणाली, "मतलब मर गइलन?" मी म्हटलं हो. आणि तिला पुण्यस्मरणार्थ हा शब्दही नीट लागावा म्हणून तो फोडून सांगितला. मेवालालच्या हातात तिसरा अनारसा होता. तो त्याने खाली ठेवला. मला वाटलं, त्याला आजोबांची आठवण झाली.

झाली होतीच, पण वेगळी. इथली रीत मला माहीत नव्हती असं नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतो. मेलेल्याच्या नावाने भांडं द्यायचं ते महापात्राला, अकराव्या दिवशी, आणि ते दान घेतो म्हणून त्याचं एरवी तोंडही सकाळी कुणी बघत नाही. हे मला माहीत होतं. पण ती रीत त्यांची आणि डबे आपले, अशी माझ्या डोक्यात दोन वेगळी कपाटं होती आणि त्यांची दारं एकमेकांसमोर उघडतात हे कधी लक्षातच आलं नाही. मेवालाल उभा राहिला. "हम महापातर हईं का?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. "धनतेरस के दिन मुर्दा क बरतन, लछमीजी के सामने?" मग तो आजोबांबद्दल असं बोलला, जे मी तुला फोनवर सांगितलं नाही आणि इथे लिहितो कारण ते विनोदी असलं तरी खोटं नाही: "पंडितजी जियत रहलन त कब्बो कुछ नाहीं दिहलन. मर के डब्बा देत हउवन."

त्या क्षणी मी माफी मागणार होतो. खरं सांगतो, शब्द ओठांवर आले होते. पण तेवढ्यात तुझा फोन आला, पोस्त पोचली का विचारायला. माझ्या फोनचा कानाला लावायचा भाग बिघडला आहे, तो फक्त मोठ्या आवाजावरच चालतो, हे तुला मी दोनदा कळवलं होतं. मी दोन वाक्यांत झालेलं सांगितलं आणि तू जे सुरू झालीस ते मेवालालच्या अंगणात, गल्लीत आणि मला वाटतं खाली घाटावरही ऐकू गेलं. त्यांना मराठी येत नाही. पण मूर्ख हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, आणि माफीही. "आत्ताच्या आत्ता माफी माग, पाय धर त्याचे," असं तू म्हणालीस, आणि मेवालालच्या घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली, की आता हा धरतो. आत्या, मी भित्रा आहे, हे मी मान्य करतो. पण भित्र्या माणसालाही लोक बघत असताना वाकायला जमत नाही. मी फोन बंद केला आणि घरी आलो. तेव्हापासून मी ताठ आहे. झोपताना जरा मान दुखते.

संध्याकाळी खाली गेलो तर नाव नाही. खुंटा होता, दोर नव्हता. घाटावरच्या एकाने हसून दक्षिणेकडे बोट दाखवलं. मेवालालने आपल्या माणसांकडून नाव ओढत नेऊन मणिकर्णिकेला बांधली होती, चितेची लाकडं घेऊन येणाऱ्या होड्यांच्या शेजारी. कुणी अडवलं नाही, कारण अडवणारा रामसकल आपल्याला कामावरून काढलं आहे असं समजून घरी बसला होता. मेवालाल सगळ्यांना सांगत होता की पंडितजींचा डबा, पंडितजींची नाव, तर घाटही पंडितजींचाच असू दे. "जहाँ क सामान, ऊहाँ जाई." तुझी निळी नाव, तुझ्या त्या पिवळ्या कठड्याची, झालरीच्या छताची, लाकडांच्या ढिगाऱ्याजवळ उभी होती आणि तिच्या गाद्यांवर एक कुत्रं झोपलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज तिथे जाऊन बसतो. तू म्हणालीस, तिथे बसून काय करतोस, आपली शोभा करतोस. शोभा कसली? मी नाव राखतो. तिथे बसणं सोपं नाही. वारा फिरला की राख गाद्यांवर येते, ती मी झटकतो. (मग विचार येतो की ज्याची झटकली त्याला काय वाटेल, आणि मी हळू झटकतो.) लोक मला लाकडाचा भाव विचारतात. एका परदेशी बाईने माझा फोटो काढला आणि हात जोडले, तिला बहुधा मी कुणीतरी वाटलो. आणि सगळ्यात कठीण म्हणजे ओळखीचे लोक. पाठशाळेतले गुरुजी कुणाला तरी पोचवायला आले होते, त्यांनी मला नावेत एकटं बसलेलं बघून चौकशी केली की घरात कोण गेलं. मी म्हटलं, कुणी नाही, नाव बांधली आहे. ते म्हणाले, "इथे?" आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेले. तो हात सांत्वनाचा होता, आत्या. मला सांत्वन नको होतं, मला खुंटा हवा होता.

परवा रामसकल आला, आपलं कांबळं न्यायला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हिसाब करे के रहल, त मुँहे से कहता. कागज काहे दिहला?" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तुझ्या मानपत्रातली भाषा ही माणसाला घरी पाठवण्याचीच भाषा आहे. मी त्याला समजावलं की हे बक्षीस होतं आणि चिठ्ठी शिष्टाचाराची होती. त्याने विचारलं, असला शिष्टाचार कुठे असतो. मी म्हटलं, अमेरिकेत. तो म्हणाला की मग तिथे लोक कामावर टिकत कसे असतील. मग त्याने बादली उचलली आणि पाणी उपसायला लागला. त्याच्याही बाबतीत मी माफी मागितली नाही, फक्त बिडी आणून दिली.

आम्ही असे बसलो असताना वरून दोघे भाऊ उतरले, परभणीकडचे. वडिलांना घेऊन काशीला आले होते आणि वडील इथेच गेले. क्रिया आटोपून ते रक्षेचं मडकं घेऊन उभे होते, प्रवाहाच्या मध्यावर सोडायचं म्हणून. नाववाले त्यांना जे दर सांगत होते ते त्यांना कळत नव्हते, आणि मी रामसकलवर मराठीत चिडलेलो (मी नुसताच चिडलो, घाबरलो नाही, की मराठीत चिडतो) ते त्यांनी ऐकलं. थोरला म्हणाला, "दादा, आपल्याकडचे का तुम्ही?" पुढे काय बोलणार? रामसकलने इंजिन सुरू केलं, आम्ही त्यांना नेऊन आणलं. तू मनाई केली होतीस की नाव कुणाला द्यायची नाही. दिली नाही, नेली. धाकटा सगळा वेळ कठडा धरून होता आणि परत येताना म्हणाला की नाव छान आहे, अण्णांना असलं छत आवडलं असतं. उतरताना थोरल्याने माझ्या मुठीत एक नोट दाबली. मी मागे सरलो. म्हटलं, अहो, मी नोकर नाही, ही माझ्या आत्याची नाव आहे. दादाच्या शिष्टाचारानुसार मालकाकडच्या माणसाला रोख देणं हा अपमान आहे, आणि मी अपमान धरण्याच्या अगदी बेतात होतो. तो म्हणाला, "असू द्या हो. दिवाळी आहे." त्याचे डोळे सुजले होते आणि त्याला कुणालातरी काहीतरी द्यायचंच होतं. मी घेतली. परत केली असती तर त्याने हात कुठे नेला असता?

आता तू म्हणशील, हेच मेवालालने का नाही केलं. हाच माझा मुद्दा आहे. त्याने घ्यायला हवं होतं. डब्यात विष नव्हतं, आजोबा होते. आपल्या घरात सगळी भांडी मेलेल्यांचीच आहेत. मी सकाळी चहा पितो तो पेला सीतापणजीच्या नावाचा, आमटीचं पातेलं विश्वेश्वरपणजोबांचं, आणि ज्यांनी लग्नात सप्रेम भेट म्हणून जिवंतपणी दिली तीही माणसं आता नाहीत. आई रोज त्यांना घासते, पुसते, नावानिशी मागते, अरे जरा सीताबाईंचा पेला दे. मला लहानपणी वाटायचं की माणूस मेला की तो मांडणीवर जातो. यात अशुभ काय आहे? उलट मेवालालच्या घरात आजोबा गेले असते तर तिथे त्यांना रोज कुणीतरी उघडलं असतं, आपल्या माळ्यावर ते गोणीत आहेत. तेव्हा आजोबांच्या नावाबद्दल माफी मागणं म्हणजे आजोबा गेले ही आपली चूक झाली असं म्हणणं, आणि ते मी म्हणणार नाही. तू तुझ्या वडिलांसाठी हे माझ्याकडून मागू नयेस.

तेव्हा भिशीतल्या भगिनींना सांग की त्यांनी यावं. नाव मणिकर्णिकेवरून निघेल. सगळे घाट दिसतील, फक्त आधी एक वेगळा उजेड दिसेल. ज्यांना चालणार नाही त्यांनी पायऱ्यांवर उभं राहून कोपरं खावीत. डबा मी परत मागणार नाही, पाय धरणार नाही, आणि आदित्यदादाला सांग की त्याच्या गोठ्यात मी येऊन नोकराला चिठ्ठी देणार नाही, तशी त्याने माझ्या घाटाला देऊ नये.

मोठ्यांपुढे डोकं आणि मेवालालपुढे मान ठेवून (पहिलं खाली, दुसरी वर),

तुझा,
ढुंढिराज

ता. क. वरचं पत्र सकाळी लिहून झालं होतं. दुपारी परिस्थिती बदलली. पण शुद्धलेखन तपासून झालेलं पत्र मला फाडवत नाही, म्हणून तसंच पाठवतो. ते सकाळपर्यंत खरं होतं असं समजून वाचावं. मी माफी मागितली नाही हे मात्र अजूनही खरं आहे. आईने मागितली. ती मला न सांगता मेवालालच्या घरी गेली, मागच्या दाराने, थेट स्वयंपाकघरात, उरलेले अनारसे घेऊन, आणि त्याच्या बायकोजवळ बसून राहिली. काय बोलल्या ते सांगत नाही. एवढंच कळलं की डबा त्या बाईंनी बाहेर टाकलाच नव्हता, पिंपामागे लपवून ठेवला होता. झाकण घट्ट बसतं आणि मुंग्या जात नाहीत, असा डबा परत करायला त्यांचा जीव होईना. हरकत फक्त नावाला होती. नाव जिवंत माणसाचं असेल तर डबा राहील, आणि डबा राहिला तर खुंटाही. आपली नाव आत्ता, मी हे लिहीत असताना, बालाजी घाटावर आहे. रामसकल गाद्या उन्हात घालतो आहे.

दुसरा ता. क. आजोबांचं नाव ठठेरी बाजारातल्या भांडेवाल्याकडून घासून काढलं. मीच घेऊन गेलो. आजोबांची काळजी करू नकोस, माळ्यावर ते अजून गोणीभर आहेत. प्रश्न होता तो नवं नाव कुणाचं घालायचं याचा, आणि त्याला मेवालालची पसंती हवी होती, कारण दरवर्षी घासत बसायची त्याची तयारी नाही. आईने बाबांचं नाव सुचवलं. मेवालाल म्हणाला, त्यांना दमा आहे. मग माझं सुचवलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आईकडे वळून दुसरं नाव विचारलं, जे नाही म्हणण्यापेक्षा वाईट होतं. मग आईने तुझं नाव घेतलं. त्याचा चेहरा उजळला. "ऊ फोन वाली? ऊ त अबहीं बहुत दिन चली." अशा रीतीने झाकणावर आता सौ. शरदिनी यांच्यातर्फे सप्रेम असं आहे. कोरताना मी शेजारी उभा राहिलो. दोन्ही वेलांट्या बरोबर आहेत.

तिसरा ता. क., आणि पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच. मेवालालने बजावलं आहे की त्या नावाचं काही बरंवाईट झालं तर दोर त्याच दिवशी सुटेल. आईकडून कळलं की डॉक्टरांनी तुला छातीच्या तपासण्या सांगितल्या आहेत आणि तू त्या देवदिवाळीनंतर बघू म्हणून टाळते आहेस. त्या निघायच्या आधी कर. अहवाल पाठव, मी तो मेवालालला वाचून दाखवीन, अवघड शब्दांचे अर्थ न सांगता. आणि इथे आलीस की घाटाच्या पायऱ्या सावकाश उतर, माझा हात धरून. हे मी भाचा म्हणून सांगत नाही. नावेची देखरेख करणारा म्हणून सांगतो.